वरचा सा

१

आमच्या वृंदात वाजवणाऱ्याला गाणं ऐकू येत नाही. हे मी चिडून म्हणत नाही, त्या वाद्याची रीतच तशी आहे. काळ्या मुठीच्या पितळी हातघंटा, लहानमोठ्या, प्रत्येकाकडे दोन. म्हणजे प्रत्येकाकडे दोनच स्वर. माझ्याकडे खालचा सा आणि रे. आपली पाळी आली की मनगटाला झटका द्यायचा, स्वर हवा तेवढा वाजू द्यायचा, मग घंटा छातीला टेकवून तो मारायचा, म्हणजे बंद करायचा. बाकी वेळ तोंडातल्या तोंडात मोजत उभं राहायचं. गाणं समोर बसलेल्याला ऐकू येतं. वाजवणाऱ्याला स्वतःची पाळी तेवढी कळते.

आमच्या घरच्या मोठ्यांना हे वाद्य एवढं का मानवलं, ते मला फार उशिरा समजलं.

माझे दादाजी, म्हणजे आजोबा मिश्रीलाल, धाकट्या काकांकडे परदेशात गेले होते. तिथे कुठल्याशा सभागृहात म्हाताऱ्या गोऱ्या बायका अशा घंटा वाजवताना त्यांनी बघितल्या आणि अख्खा संच मागवला. जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. तिच्या गोडाऊनच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी रियाझ. एका बाजूला तुरीची पोती छतापर्यंत रचलेली. त्यांच्यामुळे खोलीत आवाज अजिबात घुमत नाही, वाजला की तिथेच पडतो. लांब टेबलावर स्पंज, स्पंजावर घंटा, आणि प्रत्येकाच्या हातात दादीने शिवलेले पांढरे सुती हातमोजे. घाम लागला की पितळ काळं पडतं म्हणून. दादीने, म्हणजे आजी कुसुमलतादेवींनी, प्रत्येक मोज्याच्या मनगटावर लाल दोऱ्याने नाव काढलंय.

वाजवणारे बहुतेक साठीच्या पुढचे. कापड दुकानवाले मोतीलालकाका, शेजारच्या कुंदाबाई, पप्पा, आत्या आणि असेच बाकीचे. तरुण आम्ही दोघंच, मी आणि माझी मोठी बहीण जिनल. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं तेव्हा दादाजी म्हणाले, "रिकामाच बसणार ना, मग घंटा हलव." मित्र विचारायचे हल्ली काय करतोस, तर मी खरं तेच सांगायचो. घंटा.

जिनलकडे नी आणि वरचा सा. प्रत्येक धुनेचा शेवटचा स्वर तिचा. त्या स्वराला दादाजींचा खास नियम होता: तो मारायचा नाही. बाकीच्यांनी घंटा छातीला धरून उभं राहायचं आणि वरचा सा आपोआप विरेपर्यंत हलायचं नाही. लोकांना ते फार आवडायचं. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

२

जिनलने धुळ्याच्या प्रशीलशी रजिस्टर लग्न केलं. तो देवपूरला क्लासमध्ये गणित शिकवतो. आमच्या घरात त्याचं गणित कुणी विचारलं नाही, आडनाव विचारलं. ते ऐकून पप्पा खुर्चीवर बसले ते जेवायलाही उठले नाहीत. आत्या म्हणाली, "त्या लोकांत?" एवढंच म्हणाली, पण तिने ओढणीने हात पुसले.

रविवारी सकाळी दादाजींनी सगळ्यांना जिनलच्या नावाने आंघोळ करायला लावली. मेलेल्या माणसासाठी करतात तशी. एकेक जण न्हाणीघरात जायचा आणि ओल्या केसांनी, खाली मान घालून बाहेर यायचा. वृंदातले लोकही आपापल्या घरून न्हाऊन आले. मोतीलालकाकांनी तर तसं फोन करून कळवलं, जसं काही उद्घाटनाला येतोय. मम्मी आत गेली आणि बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला. पण बाहेर आली तेव्हा तिचेही केस ओले होते.

मी म्हटलं, मी करणार नाही.

दादाजी पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नको करू. तुझं असून नसून सारखंच."

आणि संध्याकाळी रियाझ झाला. घरातली मुलगी सकाळी मारली आणि संध्याकाळी रियाझ. आमच्याकडे रियाझ चुकत नाही. मोतीलालकाका आणि कुंदाबाई यांच्यामध्ये जिनलची जागा मोकळी होती. तिच्या दोन घंटा दादाजींनी पेटीत घालून, झाकण लावून टेबलाखाली सरकवल्या होत्या. मला वाटलं, आता धुनेला भोकं पडतील. पडू देत. ऐकू देत म्हाताऱ्यांना, एक माणूस काढलं की काय होतं.

भोकं पडली नाहीत. नी त्याच्या जागी वाजला. शेवटी वरचा सा वाजला, आणि सगळे घंटा छातीला धरून तो विरेपर्यंत शांत उभे राहिले.

३

कुणी गैरहजर असलं तर शेजारचा त्याच्या घंटा उचलतो. म्हणून मी आधी घाबरलो नाही, नुसता चिडलो. खाली चहा घेताना मोतीलालकाकांना विचारलं, "काका, दीदीच्या घंटा तुम्ही वाजवल्या?"

"मी? माझ्याच दोन सांभाळता येत नाहीत रे बाबा. कुंदाबाईंनी वाजवल्या असतील."

कुंदाबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "अरे, मला वाटलं मोतीलालभाऊ वाजवतायत. छान वाजवलं हो, भाऊ."

"मी नाही वाजवलं."

"असू दे. कुणीतरी वाजवलं. धून तर बसली ना?"

दोघंही हसले. पेटी उघडून बघावी असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. मी वर जाऊन बघितली. घंटा आत होत्या, कापडात गुंडाळलेल्या.

मेकॅनिकलची दोन वर्षं मी काढलीत, अगदीच काही ढ नाही. एक घंटा वाजली की तिच्या स्वराची दुसरी आपोआप थरथरते, हे शिकवलेलं असतं. पण कापडात गुंडाळलेली, पेटीत बंद असलेली घंटा थरथरत नाही. आणि पोत्यांनी भरलेल्या त्या खोलीत आवाज परत येण्याचा प्रश्नच नव्हता. मग मी मनाशी ठरवलं, आपल्या कानाला सवय आहे. इतकी वर्षं ती धून ऐकलीय, मोकळी जागा कान स्वतःच भरतोय. हे उत्तर मला चांगलं वाटलं. दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर दादीने हातमोजे वाळत घातले होते. जिनलचेही होते. लाल दोऱ्याचं तिचं नाव उन्हात चमकत होतं.

"दादी, हे कशाला धुतले?"

"मळले होते," दादी म्हणाली. "सगळ्यांचे मळतात."

मी ते उलटून बघितले. धुऊनही बोटांच्या टोकांना पितळाचा काळा डाग राहिला होता. ताजा. अजून थोडा बोटाला लागत होता.

४

प्रशीलचा फोन दोन आठवड्यांनी आला. "ये एकदा. मला फोनवर सांगता येणार नाही."

एरंडोल, पारोळा करत एसटीने दुपारी धुळ्याला पोचलो. देवपूरला एका बोळात त्यांच्या दोन खोल्या. दार प्रशीलच्या आईने, कलाबाईंनी उघडलं. मला बघून त्या बाजूला झाल्या. आमच्या घरच्यांनी जे केलं त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

जिनल ओट्याशी होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. ती काहीतरी म्हणाली.

ओठ हलले. आवाज आला नाही.

"पोर बोलस," कलाबाई मागून म्हणाल्या, "पन आयकाले येत नई. माले वाटनं मना कान ग्यात. डॉक्टरले बी दखाडं. तो म्हने, गळा चांगला शे."

गळ्याचा प्रश्नच नव्हता. जिनलने मला पाणी दिलं. स्टीलचा पेला तिने फरशीवर ठेवला आणि तो ठेवल्याचा आवाज झाला नाही. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या एकमेकींवर आपटत होत्या आणि वाजत नव्हत्या. ती चालली तर पायाखालचा प्लास्टिकचा कागद दबला, कुरकुरला नाही. पंख्याचा, बाहेरच्या रिक्षाचा, कलाबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता. त्या सगळ्यात ती फिरत होती, टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखी.

तिने माझ्याकडे बघून खांदे उडवले. हसलीसुद्धा. मला हसता आलं नाही.

प्रशील मला बोळात घेऊन आला. "हे रोजचं आहे. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी जास्त होतं. तेव्हा ती…" त्याने शब्द शोधला. "म्हणजे मी तिच्याकडे बघायला जातो आणि मला दुसरंच काहीतरी आठवतं. गॅस बंद केला का, पेपर तपासले का. थोड्या वेळाने ध्यानात येतं की ती समोरच बसलीय. मग ती रडत असते."

गुरुवारी आणि रविवारी काय असतं ते मला माहीत होतं.

"तुमच्याकडे तिच्या नावाने काय केलं? खरं सांग."

"आंघोळ."

तो हसला. वाईट हसला. "एवढंच? आमच्या आजोबांची सावली पडली तरी करायचे लोक."

५

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये दादाजींच्या केबिनमध्ये गेलो. डाळ घासायच्या मशीनचा आवाज काचेतून येत होता.

"दादाजी, रियाझ बंद करा."

"का?"

"दीदीची घंटा वाजते. तिथे कुणी नसतं आणि ती वाजते. आणि तिकडे ती…" पुढे कसं सांगायचं ते मला कळेना. "तिकडे तिचा आवाज गेलाय. ती चाललीय, दादाजी. थोडी थोडी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील, वेड लागलं का म्हणतील. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी गप्प घरी गेलो असतो.

"वाजते ना?" ते म्हणाले. "सूर पूर्ण आहे ना?"

"तुम्हाला माहितीये?"

"पोरगी गेली. स्वर तरी घरात राहिला." त्यांनी नमुन्याची डाळ तळहातावर घेतली, फुंकर मारली, सालं उडवली. "धुळ्याला आपल्या समाजाचं संमेलन आहे. मोठी धून बसवलीय. शेवट नीट झाला पाहिजे. तुझा रे हल्ली लवकर येतो, ते बघ."

घरी दादी हातमोज्यांच्या घड्या घालत होती. जिनलचा जोड तिने घडी न घालता नाकाशी धरला होता, डोळे मिटून. मला बघून म्हणाली, "तिच्या हाताचा वास येतो रे अजून. दर वेळी येतो."

"मग तिला बोलाव ना घरी."

दादीने डोळे उघडले. मी काहीतरी घाण बोललो असल्यासारखं बघितलं, आणि मोजे छातीशी घेऊन आत गेली.

तेव्हा मला समजलं. या लोकांना जिनल हवीच होती. फक्त तिचं डोकं, तिची जीभ, तिचा नवरा नको होता. दोन हात आणि दोन स्वर एवढीच हवी होती, आणि तेवढी त्यांना मिळाली होती.

६

संमेलनाला जिनलला आणायची कल्पना माझी. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली तर नाकारतील कसं, असं मला वाटलं. माझा अजूनही मोठ्यांच्या लाजेवर विश्वास होता.

दुपारचा कार्यक्रम, हॉल भरलेला, बाहेर जेवणाच्या पंगती. जिनल आणि प्रशील दारातच उभे होते. आमचे लोक हातमोजे चढवत आत आले. पप्पा तिच्या अंगावरून गेले, इतक्या जवळून की त्यांच्या बाहीने तिची ओढणी हलली. कुंदाबाई तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, केस सारखे केले आणि पुढे गेल्या. ते तिला बघत नव्हते की त्यांना ती दिसत नव्हती, यातला फरक मला कळेना. शेवटी ध्यानात आलं, फरक असण्याचं काही कारणच नव्हतं. सरावानेच आलं होतं ते.

दोघं मागच्या रांगेत बसले. प्रशीलने तिचा हात धरला होता. आम्ही मंचावर.

मधली जागा मोकळी होती. पण या वेळी तिथल्या स्पंजावर दादीने जिनलचे लाल दोऱ्याचे मोजे नीट मांडून ठेवले होते.

धून सुरू झाली. मी माझा सा वाजवला, मारला. रे वाजवला, मारला. मग उजव्या हाताला, मोतीलालकाकांच्या पलीकडे, पांढरं काहीतरी उचललं गेलं. मी तिकडे बघितलं नाही. मी मागच्या रांगेकडे बघितलं.

नी वाजला. प्रशीलच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याची मूठ कुणाचा तरी हात धरल्यासारखी वळलेली होती आणि तिच्यात काही नव्हतं. तो समोर बघत होता, जसं काही एकटाच आलाय.

नी मारला गेला. जिनल खुर्चीत होती. श्वास लागलेला, तोंड उघडं.

परत नी. परत रिकामी खुर्ची. स्वर लांबला तर खुर्ची तेवढा वेळ रिकामी. मी मोजायचं विसरलो. मोतीलालकाकांनी कोपर मारलं, "अरे, रे!" मी रे वाजवला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. शेवटचा स्वर वरचा सा आहे, आणि तो मारायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. रियाझात आम्ही तो पोत्यांच्या खोलीत वाजवायचो, क्षणात पडायचा. या हॉलमध्ये उंच घुमट होता. इथे तो किती वेळ राहील, आणि तो विरला की तिच्यातलं काय उरेल?

सगळ्यांनी घंटा छातीला धरल्या. वरचा सा वाजला.

मी माझ्या घंटा टाकल्या. मोतीलालकाकांना ढकललं आणि त्या मोकळ्या जागेला दोन्ही हातांनी कवळून छातीशी ओढलं. आधी हवा होती. मग माझ्या शर्टाच्या गुंड्यांवर थंड पितळ टेकलं, थरथरत होतं, आणि पितळामागे मनगटाचं हाड, ओळखीचं, लहानपणी ती राखी बांधायची तेव्हा धरायचो ते. ते मागे ओढत होतं. मी सोडलं नाही. थरथर माझ्या बरगड्यांत उतरली आणि मेली.

हॉल शांत झाला. माझ्या हातात रिकामे मोजे होते. आणि त्या शांततेत मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडा, बाईचा खोकला.

मंचामागे दादाजींनी माझी कॉलर धरली. "शेवट नासवलास."

"ती खोकली, दादाजी. तुम्ही ऐकलंत."

"कोण?" ते म्हणाले. इतक्या साधेपणाने म्हणाले, की बाकी कुणी वर मान केली नाही.

७

मी घरी गेलो नाही. देवपूरलाच राहतो. जिनलचा आवाज थोडा थोडा येतो आता, घोगरा, लांबून आल्यासारखा. कलाबाई म्हणतात, "बोल माय, दिनभर बोल," आणि तिच्यापुढे धान्य निवडत बसतात. बांगड्या एखाद्या वेळी वाजतात. वाजल्या की सगळे काम थांबवून ऐकतो.

काल मम्मीचा फोन आला.

"आज सगळ्यांनी आंघोळ केली," ती म्हणाली. "तुझ्या नावाने. मी नाही केली रे. मला नाही जमलं."

"दीदीच्या वेळी जमलं होतं," मी म्हटलं.

मग मम्मीचा आवाज, "हॅलो? अनुज? बोल ना. तुझा आवाज येत नाहीये." मी पुन्हा बोललो. ती हॅलो हॅलो करत राहिली. नेटवर्क असेल, या बोळात नेटवर्कचं खरं नसतं.

आज गुरुवार. संध्याकाळी आम्ही तिघं चहा घेत बसलो होतो. मी माझा पेला फरशीवर ठेवला.

जिनलने पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पेला उचलला आणि जोरात आपटला. चहा सांडला, फरशीवर पसरला. बाहेर रिक्षा गेली, ती ऐकू आली.

जिनलने माझे दोन्ही हात धरले, आपल्या छातीशी ओढले आणि घट्ट दाबून ठेवले. माझ्या हातांत घंटेसारखी थरथर होती, आणि तिच्याही हातांत खालून तीच होती. आम्ही तसेच बसलो, एकमेकांना धरून. जळगावला पोत्यांच्या खोलीत आता सगळे ओळीने उभे असतील, ओठ हलवत, आपापली पाळी मोजत. मोतीलालकाकांना वाटत असेल की माझ्या घंटा पप्पांनी उचलल्या. पप्पांना वाटत असेल मोतीलालकाकांनी.

प्रशील आमच्याकडे बघत होता, मधेच त्याची नजर भिंतीकडे घसरत होती आणि तो ती परत आणत होता. त्याला कष्ट पडत होते.

"अनुज," तो म्हणाला, "हे लोक थांबतात कधी?"

"थांबत नाहीत," मी सांगितलं.

प्रशील माझ्या तोंडाकडे बघत अजून उत्तराची वाट बघत होता.